हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी: कुठे घालावा, कुठे नाही आणि घातलाच तर नीट कसा

एलईडी बल्ब बसवला की गाडीसमोरचा पहिला पंधरा-वीस मीटरचा रस्ता लख्ख पांढरा होतो. गॅरेजच्या दारात उभं राहून एवढंच दिसतं, आणि तेवढ्यावर खूष होऊन पैसे दिले जातात. पण रात्री ताशी ८० किलोमीटरच्या वेगात धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही साधारण ७० मीटर लागतात. म्हणजे पाहायचं आहे ते ७० मीटरवर. समोरचा रस्ता जितका जास्त झळाळतो तितके डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. कुठला दिवा चांगला, हे ठरवताना हा हिशेब आधी धरायचा.

या लेखात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बाजारात त्यांची सर्रास सरमिसळ होते. एक, कंपनीनेच एलईडीसाठी घडवलेली अख्खी हेडलाईट. दुसरी, हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाईटमध्ये नंतर खुपसलेला एलईडी बल्ब. पहिलीचे फायदे सांगून दुसरी विकली जाते.

कंपनीच्या एलईडीचं खरं बळ

२००७ मध्ये लेक्ससच्या एलएस ६०० एच गाडीत लो बीमसाठी, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोतासाठी, एलईडी आला आणि २००८ मध्ये ऑडीच्या आर-८ मध्ये सगळे दिवे एलईडीचे असलेली हेडलाईट आली. तेव्हापासून हे तंत्र उतरत उतरत मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत पोचलं. चिप, लेन्स, परावर्तक आणि मागचा उष्णता खेचणारा ॲल्युमिनियमचा भाग असं सगळं एकमेकांसाठी आखलेलं असल्यामुळे उजेड हवा तिथेच पडतो. आयुष्यही मोठं: हॅलोजन काही शे तासांत जातो, कंपनीची एलईडी बहुतेक वेळा गाडीइतकीच टिकते.

तोटा मात्र तिथेच दडलेला आहे. बऱ्याच गाड्यांत ही हेडलाईट सीलबंद असते, आतली एक चिप किंवा ड्रायव्हर (चिपला नेमका करंट पुरवणारं सर्किट) गेला तर सुटा भाग मिळत नाही. अख्खी असेंब्ली बदलावी लागते आणि बिल हजारोंच्या घरात जातं. पार्किंगमधल्या किरकोळ धडकेत काच तडकली तरी तेच. त्यामुळे अशा गाडीचा विमा उतरवताना झीरो डेप्रिसिएशनचा, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा, पर्याय आधी पाहावा.

वीज वाचते, हे खरं. पण फार नाही. दोन हॅलोजन मिळून ११० वॅट घेतात, एलईडी साधारण ५०. वाचलेल्या ६० वॅटचा पेट्रोलच्या खर्चावर जाणवेल असा परिणाम होत नाही. इलेक्ट्रिक गाडीतही तासाभरात ०.०६ युनिट वाचतं, म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर.

बल्ब बदलल्यावर घोटाळा का होतो

भारतातल्या असंख्य गाड्यांत एच-४ बल्ब असतो: हाय बीम ६० वॅट, लो बीम ५५ वॅट, दोन्ही तारा एकाच काचेत. तार साधारण साडेपाच मिमी लांब आणि दीड मिमी जाड. परावर्तकाची वाटी या एवढ्याशा तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेली असते. लो बीमच्या तारेखाली धातूची एक छोटी पन्हळ असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्याकडे झुकतो. खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडला तर तो वर उडतो, म्हणजे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत.

एलईडी बल्बमध्ये तार नाही. पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवलेल्या असतात. पट्टी जाड असली, चिप मिमी-दोन मिमी पुढेमागे असल्या किंवा पन्हळीची नक्कल ढिसाळ असली की परावर्तकाचं सगळं गणित फिसकटतं. उजेड एकूण जास्त पडतो, पण निम्मा झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्या माणसावर. दुभाजक नसलेल्या घाटात किंवा दुपदरी राज्यमार्गावर हे फार त्रासाचं होतं. समोरचाही वैतागून हाय बीम मारतो आणि दोघेही काही क्षण आंधळे होऊन एकमेकांजवळून जातात.

प्रोजेक्टर लेन्स असलेल्या हेडलाईटमध्ये प्रकार जरा बरा असतो. लेन्सच्या आतला पडदा वर जाणारा उजेड कापतो, त्यामुळे कटऑफ, म्हणजे उजेड-अंधाराची वरची धार, टिकून राहते. तरीही मधला तीव्र पट्टा, जो लांब पोचतो, तो बऱ्याचदा पसरट आणि फिका होतो. भिंतीवर छान दिसलं, हायवेवर कमी दिसलं, ही तक्रार इथूनच येते.

आमचं मत सरळ आहे: साध्या परावर्तकाच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब हा पहिला उपाय नाही. आधी पुढच्या तीन गोष्टी करा. निम्म्या गाड्यांची तक्रार तिथेच मिटेल.

आधी व्होल्टेज, मग काच, मग फोकस

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजला विलक्षण हळवा असतो. व्होल्टेज ५ टक्के घटलं तर उजेड सुमारे १५ टक्के घटतो. १० टक्के घटलं तर जवळपास ३० टक्के. जुन्या गाडीत हेडलाईटचा पूर्ण करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो, कपलर (वायर बल्बला जोडणारे प्लग) काळे पडलेले असतात, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. बल्ब दोषी नसतो, त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. इंजिन चालू, लो बीम चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा बल्बच्या कपलरमधल्या लाईव्ह पिनेवर मागून टेकवा. कपलर बल्बला जोडलेलाच हवा. सोडवून मोजलं तर करंट वाहत नाही आणि आकडा फसवा येतो. मीटर दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. तसंच बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थ पिन यांच्यामध्ये मोजा. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आली तर वायरिंगवर काम करायला हवं.

अर्थचा आकडा मोठा असेल तर बॉडीवरचा बोल्ट उघडा, पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, रिंग टर्मिनल बदला, वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. प्लसच्या बाजूला घट असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरिंगचा तयार संच बसवा: ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, लो आणि हाय बीमसाठी १५-१५ अँपिअरचे वेगळे फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंमीच्या आत असावा. तो पुढे हेडलाईटपाशी असेल आणि मधली वायर घासून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, वायर जळेल. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू नका. मूळ कपलरमध्ये खटकन बसणारा संचच घ्या. आणि रिले लावलाच आहे म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालू नका. त्या उष्णतेने होल्डर वितळतात आणि परावर्तकाचा चकाकता थर करपतो.

काच पिवळी पडली असेल, म्हणजे पॉलिकार्बोनेटचा वरचा थर उन्हाने गेला असेल, तर भोवती मास्किंग टेप लावून ८००, मग १५००, मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासा. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबा. शेवटी पॉलिश, आणि त्यावर यूव्ही क्लिअर कोट. हा कोट टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा धुरकट होते. टूथपेस्टचे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. आतला परावर्तकच काळवंडला असेल तर मात्र पॉलिश, बल्ब, रिले सगळं व्यर्थ. नवी हेडलाईट घ्या.

फोकस कसा लावायचा ते पुढे येतंच, कारण एलईडी घातला तरी ते करावंच लागतं.

विकत घेताना

खोक्यावर २०,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलेलं असतं. एच-४ हॅलोजनचा लो बीम प्रमाणानुसार १००० लुमेनच्या आसपास देतो, हाय बीम १६५०च्या. चांगला एलईडी वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो असं धरा. तेव्हा २५ वॅटच्या बल्बातून अडीच हजारापेक्षा जास्त कसे निघतील? दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून क्लॅम्प मीटरने करंट बघा: २ अँपिअर म्हणजे सुमारे २५ वॅट. दुकानदार मोजू देत नसेल तर उत्तर मिळालं.

त्याहून महत्त्वाची आहे घडण. मूळ हॅलोजन सोबत न्या आणि दोन्ही बल्ब कॉलरपासून (होल्डरमध्ये बसणाऱ्या कड्यापासून) शेजारी धरा. चिप तारेच्या नेमक्या जागी आहे का? पट्टीची जाडी दोन मिमीच्या आत आहे का? लो बीमच्या चिपखाली पन्हळ आहे का? कॉलर फिरवून कोन बदलता येतो का? चार किंवा सहा बाजूंना चिप असलेले, भुट्ट्यासारखे दिसणारे बल्ब लगेच परत ठेवा. रंग ४३०० ते ५००० केल्विन मिळाला तर उत्तम. ६५००च्या निळसर उजेडाचा डोळ्यांना चटका जास्त बसतो, उतारवयात तर फारच.

पाकिटावरच्या ई-मार्कने (युरोपीय मान्यतेच्या खुणेने) हुरळून जाऊ नका. अनेकदा तो बल्ब रेडिओ-लहरींत व्यत्यय आणत नाही एवढ्याचाच असतो, उजेडाच्या आकाराचा नसतो. रस्त्यावर रीतसर परवानगी असलेले एलईडी बल्ब जर्मनीत २०२० मध्ये ऑसरामने आणले, तेही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाईटपुरते. यादीत नाव नसलेल्या गाडीत तोच बल्ब तिथेही बेकायदा ठरतो.

पूर्ण बाय-एलईडी प्रोजेक्टर (लो आणि हाय बीम दोन्ही देणारा, लेन्ससकटचा एलईडी संच) बसवायचा असेल तर हेडलाईट गरम करून उघडावी लागते आणि नंतर ब्यूटाईल सीलंटने बंद करावी लागते. उजेड सर्वांत चांगला यातून मिळतो, पण काम कसलेल्या हाताचं हवं. ऑनलाईन मागवताना उजव्या स्टिअरिंगचा मागवा. आपल्याकडे कटऑफ उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढणारा हवा. डाव्या स्टिअरिंगच्या देशांसाठी बनलेला आला तर चढ उजवीकडे येतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत जातो.

एच-४ एलईडी बसवण्याची रीत

१. जुना हॅलोजन असतानाच भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीमच्या कटऑफवर टेप लावा, फोटो काढा. नंतर तुलनेला दुसरं काही नसतं.

२. दिवे थंड होऊ द्या. कपलर ओढा, मागचं रबरी बूट काढा, तारेची क्लिप दाबून सोडवा. हॅलोजन परत वापरायचा आहे, काचेला बोट लावू नका.

३. एलईडीची कॉलर सुटी करून आधी तीच होल्डरमध्ये बसवा, क्लिप लावा. मग बूट चढवा आणि बूटातून बल्ब आत सरकवून फिरवा.

४. चिप डावी-उजवी बघत असल्या पाहिजेत, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ वर. वर-खाली बसल्या तर फोकस कधीच जुळणार नाही.

५. एलईडी बल्बच्या शेपटीला तो थंड ठेवणारा छोटा पंखा असतो; त्याच्या मागे तीन-चार सेंमी मोकळी जागा हवी. बल्ब मावत नाही म्हणून बूट किंवा कव्हर कापलं तर पहिल्या पावसात आत पाणी. जागाच नसेल तर तो बल्ब या गाडीचा नाही.

६. ड्रायव्हरची डबी लोंबकळत ठेवू नका. रेडिएटर आणि एक्झॉस्टपासून दूर केबल टायने बांधा. वायर डबीपासून आधी खाली येऊन मग वर जाईल असं वळण द्या, म्हणजे पाणी डबीत न जाता खाली ठिबकेल.

७. इंजिन चालू ठेवून लो बीम वीस मिनिटं जळू द्या. मोबाईलच्या लक्स मीटर ॲपने भिंतीवर त्याच जागी सुरुवातीला आणि शेवटी उजेड मोजा. थोडी घट सगळ्यांतच होते. उजेड तिसऱ्या हिश्शाने पडला तर बल्बला उष्णता झेपत नाही, परत करा.

आता फोकस. सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करा. चारही टायरची हवा बरोबर, टाकी निम्मी, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचा लेव्हलर (झोत वर-खाली करणारं बटण) शून्यावर. जमिनीपासून हेडलाईटच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, समजा ७० सेंमी. भिंतीवर त्याच्या १० सेंमी खाली, म्हणजे ६० सेंमीवर, आडवी टेप लावा. एक हेडलाईट झाकून दुसरीचा कटऑफ हेडलाईटमागच्या स्क्रूने टेपवर आणा, मग दुसरी. हा एक टक्क्याचा उतार झाला, उजेड सुमारे ७० मीटरवर जमिनीला टेकतो. समोरच्याला त्रास नको म्हणून अंदाजाने फोकस खाली केला आणि उतार दोन टक्के झाला, तर तोच उजेड ३५ मीटरवर संपतो. म्हणून हे काम डोळ्यांनी नाही, टेपने करायचं.

शेवटी पहिल्या फोटोशी ताडून बघा. धारच दिसत नसेल, वर उजेडाचे फराटे असतील, तर स्क्रूने ते सुधारणार नाही. बल्ब काढा.

बसवल्यावर येणारे बिघाड

दिवा लुकलुकतो किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते: गाडीचा संगणक बारीक स्पंदनं पाठवून बल्ब तपासतो आणि एलईडीचा कमी करंट त्याला बिघाड वाटतो. कॅनबस डिकोडर (संगणकाला बल्ब ठीक असल्याचं भासवणारी डबी) लावल्यावर बहुधा थांबतं.

एक बीम लागतो, दुसरा नाही, किंवा काहीच लागत नाही: काही जपानी घडणीच्या गाड्यांत एच-४ला प्लस सामाईक असतो आणि स्विच मायनसवर. असा बल्ब दोन्ही ध्रुवता चालणारा हवा, नाहीतर वेगळा ॲडॉप्टर.

लाईट लावला की एफएम खरखरतो: स्वस्त ड्रायव्हरमधली गाळणी वाचवलेली असते. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना फेराइटचा मणी लावून बघा. रिमोट किल्लीची पोच कमी झाली तर तो बल्ब ठेवूच नका.

काचेत वाफ धरते: हॅलोजन पुढच्या काचेकडे भरपूर उष्णता फेकतो, त्यामुळे दमटपणा आपोआप सुकतो. एलईडीची उष्णता मागे जाते, काच थंड राहते. कोकणातल्या पावसाळ्यात हे हटकून दिसतं. बुटाची पकड आणि हेडलाईटच्या श्वासनळ्या तपासा. मनाली किंवा काश्मीरच्या हिवाळ्यात याच कारणाने काचेवर साचलेला बर्फ वितळत नाही, हाताने झाडावा लागतो.

वर्षभरात एका बाजूचा उजेड मंदावतो: पंख्यात धूळ. चिप वीस हजार तास टिकेलही, पण अंगठ्याएवढा पंखा टिकत नाही.

धुकं आणि पाऊस

आंबोली, ताम्हिणी, वरंध: जुलैत कुठल्याही घाटात जा, धुक्यात पांढरा एलईडी समोर दुधाळ भिंत उभी करतो. पिवळा उजेड धुकं भेदतो, असं सांगितलं जातं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्यांना चटका कमी बसतो, एवढाच त्याचा गुण. खरं काम करते फॉगलॅम्पची जागा: खाली, रुंद आणि वर कापलेला झोत. त्यामुळे पैसे घालायचे तर चांगल्या कटऑफच्या फॉगलॅम्पमध्ये. बंपरवरची ती आडवी एलईडी पट्टी धुक्यात सर्वांत निरुपयोगी आणि रस्त्यावर सर्वांत त्रासदायक.

जिथे एलईडी डोळे झाकून घालावा

ब्रेकलाईट. तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतो, एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ९० किलोमीटरला ०.२ सेकंद म्हणजे ५ मीटर. मागच्या गाडीला तेवढं अंतर फुकट मिळतं. लाल काचेमागे लाल चिपचाच बल्ब घाला; पांढरा घातला तर उजेड गुलाबी आणि फिका दिसतो. पार्किंग, नंबर प्लेट आणि केबिनमधले ५ वॅटचे दिवे तर दहा मिनिटांत बदलतात. लागला नाही तर बल्ब उलटा फिरवून लावा, ध्रुवता चुकलेली असते.

इंडिकेटरला एक अडचण आहे. करंट कमी झाला की फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि तो दुप्पट वेगाने टकटकू लागतो. सुटा फ्लॅशर असलेल्या गाडीत एलईडीला चालणारा फ्लॅशर घाला, काम संपलं. नव्या गाड्यांत तो संगणकातच असल्याने २१ वॅटच्या प्रत्येक बल्बला ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर जोडावा लागतो. चालू असताना तो ३० वॅट उष्णता ओकतो. फोम टेपने प्लॅस्टिकला चिकटवला तर प्लॅस्टिक वितळतं. पत्र्यालाच स्क्रूने बसवा.

कायदा आणि वॉरंटी

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की झोत कायम खाली झुकलेला हवा. गाडीपुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. ही चाचणी घरीही करता येते. त्या जागी मोबाईल धरा आणि आधीच्या हॅलोजनशी लक्स ताडून बघा. परवानगी नसलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकल वॉरंटीला हात वर करतं, हे वेगळंच.

काढलेले हॅलोजन खोक्यात गुंडाळून, सोबत एक फ्यूज आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर ठेवून डिकीत टाका. घाटात एलईडीचा ड्रायव्हर गेला तर पाच मिनिटांत दिवे परत येतात, आणि तपासणीला गाडी न्यायची तर मूळ बल्ब हाताशी असतात.